कोळीवाड्यातलं घर : परवानगीच्या नोंदी

८ जानेवारी २०२५

ठाणे पूर्व, चेंदणी कोळीवाडा. मीठबंदर रोडवरून आत शिरलं की अरुंद गल्लीत घर. मंगलोरी कौलं, पुढे ओटा, मागे आड. ते पाडून त्याच जागी तळमजला आणि वर एक मजला बांधायचा आहे. नकाशा आणि परवानगीचं काम माझ्याकडे. मालक दोघे भाऊ. थोरल्याला सगळी आळी दादा म्हणते, तेव्हा मीही दादाच म्हणणार. धाकटा अंबरनाथला कारखान्यात असतो. दोघांची आई ऐंशीच्या पुढची, आणि शेवटचा शब्द तिचा.

धाकट्याने पहिलाच प्रश्न टाकला : परवानगी हवीच कशाला? पलीकडच्या गल्लीत बघता बघता मजल्यावर मजले चढले, कुणी हटकलं नाही. माझी उत्तरं दोन. बँक गृहकर्जासाठी मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करायची परवानगी) मागते, आणि यांच्या हातात निम्मेच पैसे रोख आहेत. दुसरं, २०१३ च्या एप्रिलमध्ये शीळफाट्याजवळ कोसळलेल्या इमारतीत ७४ माणसं गेली. तीही अशीच भराभर, परवानगीवाचून चढलेली होती. आईंनी दुसरं उत्तर ऐकलं आणि चहा टाकायला उठल्या. विषय तिथेच मिटला.

१५ जानेवारी

कागद चाळले. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबाच आहेत. त्यांना एक मुलगा आणि दोन मुली. मुलगा म्हणजे दादांचे वडील, तेही गेले. मुलींपैकी एक कोपरीत, दुसरी उरणजवळ करंजाला दिलेली. दोघीही हयात, दोघींची नावं कुठेच नाहीत.

दादांच्या ओळखीचा एक एजंट भेटायला आला होता. म्हणे, वडिलांच्या बहिणींना मध्ये न आणता वारस नोंद करून देतो, पंधरा दिवसांत. त्याला वाटेला लावलं. १९५६ च्या वारसा कायद्यापासून मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे; २००५ च्या दुरुस्तीपर्यंत जायचीसुद्धा गरज नाही. उद्या आत्याच्या नातवाने एक अर्ज केला की मंजूर नकाशा लटकणार. शिवाय प्रस्तावावर सगळ्या धारकांच्या सह्या लागतात. नाव लपवून सही कशी आणणार?

एक चांगली गोष्ट सापडली. आईंच्या ट्रंकेतून घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा निघाला. सगळ्यात जुन्या पावतीवर ठाणे नगरपालिकेचा शिक्का आहे. महापालिका झाली १९८२ मध्ये, त्याच्या कितीतरी आधीची ही पावती. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे, पण घर तेव्हापासून उभं आहे याचा पुरावा म्हणून किनारपट्टीच्या बांधकाम नियमांखाली तिला वजन आहे. सगळ्या पावत्या स्कॅन करून ठेवल्या. मूळ गठ्ठा आईंनी परत ट्रंकेत टाकला आणि कुलूप लावलं.

२ फेब्रुवारी

करंजाला गेलो, दादा आणि मी. आत्या अंगणात सोडे निवडत बसल्या होत्या. दादांनी विषय काढला तो चुकीच्या टोकाकडून : हक्कसोड पत्र. आत्यांनी सोड्यांवरून नजर न उचलता सांगितलं, "सही पायजे तर घे. हक्क नाय सोरनार."

मी म्हटलं, हक्क सोडायची गरजच नाही. पत्रकावर त्यांचं नाव लागेल, आणि भावाच्या मुलांनी या जागेवर घर बांधायला आमची संमती आहे एवढं नोटरीसमोर लिहून द्यायचं. पुढे वाटणी काय, कशी, तो घरातला मामला. नकाशाला त्याच्याशी देणंघेणं नाही. आत्यांनी मग हात धुतले. जाताना सोड्यांची पुडी मिळाली. कोपरीच्या आत्यांची संमती त्याच आठवड्यात होईल असं दिसतं, कारण करंजाची थोरली हो म्हणाली हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

१९ फेब्रुवारी

वारस नोंदीचा अर्ज दिला. नगर भूमापनाकडे मोजणीचाही अर्ज दिला, द्रुतगती. फी जास्त जाते, पण मोजणीची क प्रत (मोजलेल्या हद्दींचा अधिकृत नकाशा) हातात आल्याशिवाय मी नकाशाची एक रेघ ओढत नाही. गावठाणात प्रत्येक भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेली असते, आणि पत्रकावरचं क्षेत्र, मोजणीतलं क्षेत्र आणि प्रत्यक्ष कब्जा ही तीन वेगळी उत्तरं असतात. चटईक्षेत्राला, म्हणजे किती बांधता येईल त्या हिशेबाला, त्यातलं सगळ्यात लहान उत्तर धरायचं.

५ मार्च

आता मुख्य मुद्दा. इथपर्यंतचं काम ठाण्यातल्या कुठल्याही गावठाणात असंच असतं. या घराला खाडी लागते.

किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी ६ जानेवारी २०११ ची, तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. खाडीकाठाला २०११ मध्ये भरतीरेषेपासून (मोठ्या उधाणाचं पाणी पोचतं ती रेषा) जमिनीकडे १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी तेवढा पट्टा नियमनाखाली धरायचे. २०१९ मध्ये शंभराचे ५० झाले. लोकांनी एवढंच ऐकलेलं असतं : "आता पन्नास मीटर झालंय, आपण बाहेर." बाहेर की आत, हे पन्नास कुठून मोजायचे त्यावर ठरतं.

किनारी व्यवस्थापनाचा आराखडा १:२५,००० वर असतो. त्या कागदावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. आमचा भूखंड पुढून अकरा मीटर आणि काही. म्हणजे शिसपेन्सिलीची रेघ जरा जाड झाली तर अख्खं घर रेघेखाली जातं. गावनकाशावर चढवलेला स्थानिक आराखडा १:४,००० वर असतो. तिथे मिलिमीटरला चार मीटर, म्हणजे काहीतरी बोलता येतं. नगररचना विभागात पहिल्या प्रकारच्या कागदाची रंगीत झेरॉक्स घेऊन जाणारे मी पाहिले आहेत. त्यांना उत्तर मिळतं ते त्या झेरॉक्सच्या लायकीचं.

म्हणून क्रम ठरवला. आधी भूखंडाचे चारही कोपरे डीजीपीएसने (उपग्रहावरून अचूक जागा मोजणाऱ्या यंत्राने) घ्यायचे, मग ते १:४,००० च्या नकाशावर बसवून अधिकृत संस्थेकडून अहवाल घ्यायचा, आणि घर त्याच्यानंतर काढायचं. दादांना वाटतं मी उलटं चालले आहे. त्यांच्या साडूंनी आधी नकाशा काढून घेतला होता, रंगीत, समोरून दिसणाऱ्या चित्रासकट.

१६ मार्च

शिमगा झाला. कोळीवाड्यात शिमग्याच्या आठवड्यात कुणी कागदावर सही करील ही अपेक्षाच ठेवली नव्हती. भरपूर जेवले.

३० मार्च

पाडवा. काल अमावास्या होती, त्यामुळे आज उधाण. दादांनी मुद्दाम बोलावलं होतं, "पाणी कुठवर येतं ते डोळ्यांनी बघा." दुपारच्या भरतीला बांधापर्यंत गेलो. पाणी बांधाला लागलं, वर आलं नाही. दादांचं म्हणणं, पावसाळ्यात उधाण आणि जोराची सर एकत्र आली की पाणी गटारातून उलटं चढतं आणि पुढच्या रांगेच्या ओट्यांना लागतं. २६ जुलै २००५ ला तर यांच्या पायरीवर होतं. मग भरतीरेषा घराच्या दारात धरतील का, ही त्यांची भीती.

तसं नाही. भरतीरेषा म्हणजे मोठ्या उधाणाचं पाणी जमिनीवर जिथवर पोचतं ती रेषा, आणि ती चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी व्यवस्थापन केंद्राने आखून दिलेली आहे. पुराच्या एखाद्या दिवशी पाणी कुठे होतं यावरून ती सरकत नाही. धोक्याची रेषा म्हणून आणखी एक असते, भारतीय सर्वेक्षण विभागाने काढलेली. २०१९ च्या अधिसूचनेत ती आपत्तीच्या नियोजनापुरती ठेवली आहे, बांधकामाचं नियमन तिच्यावरून होत नाही.

पण दादांनी सांगितलेलं पाणी मी वहीत लिहून घेतलं. परवानगीला त्याचा उपयोग नाही, जोत्याच्या उंचीला आहे. पायरीवर २००५ ची खूण आईंनी दाखवली. त्याच्यावर निदान दीड फूट जोतं हवं.

११ एप्रिल

मोजणी झाली. पत्रकावर १८६.४० चौरस मीटर, मोजणीत १८१.७५. फरक दक्षिणेच्या भिंतीत गेला आहे. शेजाऱ्यांशी भांडण नाही आणि उकरायचंही नाही. १८१.७५ धरलं.

गल्ली ३.६० मीटर. साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्ली असली तर तिच्या मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर सोडायचे, म्हणजे आमच्या बाजूने ०.४५ मीटरची पट्टी जाते. अकरा मीटर वीस सेंटिमीटरच्या तोंडावर ते पाच चौरस मीटर होतात. हिशेब लहान, पण ती पट्टी म्हणजे आजचा ओटा. संध्याकाळी जाळी विणायला चार माणसं तिथेच बसतात. आईंना हे सांगताना मला जड गेलं. त्या म्हणाल्या, ओटा आत घे, पण ठेव.

रेल्वेचंही याच वेळी तपासलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, आणि तिच्या रुळांनी हा कोळीवाडा दुभंगला : थोडा पूर्वेला, थोडा पश्चिमेला. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. आमचं घर शंभर मीटरच्या पुढे. विमानतळाच्या उंचीच्या नकाशातही तळमजला अधिक एक कुठेच अडत नाही. ती उंची समुद्रसपाटीपासून धरतात, जमिनीपासून नव्हे, एवढं मात्र प्रस्तावात नीट लिहायचं.

२४ एप्रिल

अहवाल आला. तीन गोष्टी.

भरतीरेषा बांधावरून जाते आणि पूर्वेच्या कोपऱ्यापासून ४१ मीटरवर आहे. म्हणजे ५० ची रेषा भूखंडातून तिरपी जाते. पुढचा भाग नियमनाखाली, मागचा बाहेर. कायद्याने अर्ध्या भूखंडाला एक नियम आणि अर्ध्याला दुसरा लावता येईल. मी सगळाच आत धरला. एका घराच्या दोन खोल्यांना दोन नियम लावून भांडायला माझ्याकडे वेळ नाही, आणि फायदाही दोन-चार चौरस मीटरपलीकडे नाही.

वर्ग सीआरझेड-दोन (सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र). पालिका हद्दीतला, रस्ते-पाणी-गटारं असलेला, आधीच भरलेला भाग. इथे बांधकाम चालतं, पण आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा आधीपासूनच्या अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला. आमच्या आणि खाडीच्या मध्ये रस्ता आहे, घरांची एक रांगही आहे. इथे अडचण नाही.

तिसरी गोष्ट कांदळवन. हजार चौरस मीटरपेक्षा मोठा पट्टा असेल तर त्याच्या कडेपासून ५० मीटर मोकळे ठेवायचे, आणि तो टापू सीआरझेड-एक मध्ये मोडतो, जिथे घर चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ च्या निकालात हे पन्नास मीटर पक्के केले आहेत. आमच्या आग्नेय कोपऱ्यापासून कांदळवनाची कड साडेसत्तेचाळीस मीटरवर. अडीच मीटरचा एक त्रिकोण भूखंडात शिरतो. जुन्या घराची मोरी नेमकी त्या त्रिकोणात आहे.

इथे वाद घालता येतो. मध्ये रस्ता आहे, घरं आहेत, मोरी जुनी आहे, पावत्या आहेत. असे वाद घालणारे सल्लागार आहेत आणि त्यांतले काही जिंकतातही, दोन-तीन वर्षांनी. मी त्रिकोण सोडला. तिथे बांधकाम नाही, ओटा नाही, फरशीसुद्धा नाही, माती राहील. तिथे भेंडीचं एक झाड आहे, ते आहे तसंच ठेवायचं. झाड काढायचं तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वेगळा अर्ज करावा लागेल, तोही वाचला.

धाकटा फोनवर म्हणाला, "ताई, तुम्ही त्यांची वकिली करताय की आमची?" त्याला नकाशाचा फोटो पाठवला. उत्तर आलं नाही, म्हणजे पटलं असावं.

६ मे

एका बिल्डरने दादांना गाठलं. नव्या एकत्रित नियमावलीत चटईक्षेत्र वाढलंय, पाच मजले निघतील, दोन तुमचे, तीन माझे. दादा रात्रभर झोपले नसावेत असं आवाजावरून वाटलं.

त्यांना समजावलं ते इथेही लिहून ठेवते, कारण हा प्रश्न खाडीकाठच्या प्रत्येक घरात येतो. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली डिसेंबर २०२० मध्ये. किनाऱ्याची अधिसूचना म्हणते की सीआरझेड-दोनमध्ये चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) तोच, जो १८ जानेवारी २०१९ ला लागू होता. वाढवायचा असेल तर स्थानिक संस्थेने राज्याच्या किनारी प्राधिकरणामार्फत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडे जायचं. म्हणजे नंतर आलेल्या नियमावलीतली वाढ या रेषेच्या आत आपोआप येत नाही. दोन गल्ल्या मागे, रेषेच्या बाहेर, येते. एकाच कोळीवाड्यात मावसभावाला मिळतं आणि आपल्याला मिळत नाही, हे पचायला अवघड आहे खरं. पण बिल्डरच्या पाच मजल्यांतले वरचे मजले कागदावर कधी येणारच नव्हते.

शिवाय दुसरी सोय हातची जाते. स्वतःच्या राहण्याचं घर एकूण ३०० चौरस मीटर बांधकामाच्या आत असेल तर किनाऱ्याच्या नियमांची तपासणी स्थानिक प्राधिकरणच करतं. फाइल मंत्रालयाच्या वाटेला जात नाही. आमचं तळाला ८२ आणि वर ८२, मिळून १६४. निर्देशांक एकच्याही खाली. २०१९ चा नियम काढा की आजचा काढा, दोन्हींत बसतं. याच कारणासाठी मी पहिल्या दिवसापासून तळ अधिक एकवर अडून आहे.

आईंनी बिल्डरला काय उत्तर दिलं ते दादांनी सांगितलं नाही. हसले फक्त.

२० मे

नकाशा. लिहिण्यासारखं थोडंच. खोल्यांची उंची २.७५ मीटरच्या वर, मध्ये चौक ठेवून उजेड घेतला, ओटा ०.४५ च्या पट्टीच्या आत आणला. जाळ्यांची खोली तळमजल्यावर, दाराला लागून. नकाशा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ठरावीक नावांची खोली लागते, त्यामुळे जाळ्यांची खोली कागदावर "स्टोअर" झाली. पाडायचं जुनं बांधकाम पिवळ्या रेघांनी, नवं लाल, भूखंडाची हद्द जाड काळी. भरतीरेषा, ५० मीटरची रेषा आणि कांदळवनाचा त्रिकोण हे तिन्ही मांडणी नकाशावरच दाखवले. अहवाल वेगळा जोडला की तपासणाऱ्याला दोन कागद शेजारी धरावे लागतात, आणि मग शंका निघतात.

२ जून

मातीची तपासणी. दीड मीटरपर्यंत भराव, त्याखाली खाडीचा काळा चिखल, मग मुरूम. स्ट्रक्चरल इंजिनिअर साध्या फुटिंगला (खांबांखालच्या सुट्या पायांना) तयार नाहीत; राफ्ट, म्हणजे घराखाली एकसंध काँक्रीटचा पाया, सांगितला. खाऱ्या हवेसाठी काँक्रीट एम-३० प्रतीचं आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण, आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकातल्या तीव्र वर्गाप्रमाणे. ठेकेदाराने खाडीची रेती स्वस्तात मिळते म्हणून सुचवलं. त्या रेतीतलं मीठ सळई आतून खाणार. क्रश सँडच (दगड फोडून केलेली रेती), आणि तसं करारात लिहायचं.

ठेकेदाराला बोअरवेलही हवी होती, बांधकामाच्या पाण्याला. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपशाला मनाई आहे. स्थानिकांना स्वतःच्या वापरापुरती मुभा आहे एवढंच. मागचा आड राहील, हाताने पाणी काढायचं. पागोळ्यांचं पाणी आडात सोडायची नळी नकाशात घातली. एवढ्या लहान भूखंडाला ती सक्तीची नाही, पण आईंनी आधीच विचारलं होतं, "गच्चीचा पाणी कुठं जानार?"

९ जून

वारस नोंद झाली, पत्रकावर दोन्ही आत्यांची नावं आली. ऑनलाइन प्रणालीत प्रस्ताव भरला. अर्ज, पत्रक, क प्रत, संमतीपत्रं, रेषेचा अहवाल, जुन्या पावत्या, संरचनेचं प्रमाणपत्र, पाडकामाचं हमीपत्र.

धाकट्याला कुणीतरी साठ दिवसांची गोष्ट सांगितली आहे : उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असंच धरायचं. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये तशी तरतूद आहे, पण नकाशा सगळ्या नियमांत बसत असेल तरच. आणि अशी मानलेली परवानगी कुठलीच बँक घेत नाही. त्याला हे दुसरं कारण लगेच कळलं.

२७ जून

त्रुटी पत्र. घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, मलनिस्सारणाच्या जोडणीचा तपशील, रस्तारुंदीत जाणाऱ्या पट्टीचं हमीपत्र, आणि त्रिकोणाचं क्षेत्र आकड्यात. शेवटची मागणी मला आवडली. तपासणाऱ्याने नकाशा खरंच पाहिला आहे. चौथ्या दिवशी सगळं भरलं.

१८ जुलै

स्थळपाहणी. धो धो पाऊस. कनिष्ठ अभियंता छत्री आणि टेप घेऊन आले, गल्लीची रुंदी स्वतः मोजली, कांदळवनाच्या कडेपर्यंत चालत गेले. परतताना त्यांनी विचारलं, त्रिकोणात पुढे शेड घालणार नाही ना? दादांनी आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "तिथं अळू लावनार हाय." पाहणीच्या टिपणात अळू आलं की नाही ते मला माहीत नाही.

६ ऑगस्ट

मागणीपत्र आलं : छाननी शुल्क, विकास शुल्क, पाडकामाच्या मलब्याचं, आणि बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार उपकर. उपकराचं कुणी आधी सांगत नाही आणि मग घरात धावपळ होते. मी जानेवारीतच अंदाज दिला होता, त्यामुळे पैसे बाजूला होते. परवा नारळी पौर्णिमा, म्हणून दादांनी आजच भरले.

१३ ऑगस्ट

प्रारंभ प्रमाणपत्र. अटींची यादी नीट वाचली, मोठ्याने, दोघा भावांसमोर. त्रिकोण मोकळा ठेवण्याची अट आहे. मलबा खाडीत किंवा कांदळवनात टाकू नये ही आहे. जोत्यापर्यंत काम आलं की कळवायचं आणि तपासणी झाल्याशिवाय वर चढायचं नाही ही आहे. प्रमाणपत्र एक वर्ष चालतं, नंतर वर्षावर्षाने वाढवून मिळून चार वर्षं. म्हणून पावसात पाडायची घाई नको. भावांना लगेच सुरुवात हवी होती, पण ऑगस्टमध्ये खाडीच्या चिखलात खड्डा काढणं म्हणजे पंप लावून पैसे उपसणं.

संमतीपत्रांच्या आणि प्रमाणपत्राच्या प्रती करंजाला पाठवल्या.

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. कौलं उतरवली. चांगली निघालेली सगळी विकली, मलबा पालिकेच्या ठरलेल्या जागी गेला, गाडीच्या पावत्या फाइलला. कुटुंब कोपरीच्या आत्यांकडे राहायला गेलं.

२० नोव्हेंबर

आखणी. कोपऱ्यांच्या खुणा पुन्हा डीजीपीएसने तपासल्या आणि त्रिकोणाची कड चुन्याने आधी मारली, मग घराची. मुकादम म्हणाला, बाई आधी न बांधायची जागा आखतात. खड्डा दोन मीटरवर पाण्याला लागला. भरतीच्या वेळी पाणी चढतं, ओहोटीला उतरतं, म्हणून काँक्रीटच्या वेळा भरतीचं कोष्टक बघून ठरवल्या.

१८ डिसेंबर

राफ्ट झाला, जोतं पायरीवरच्या २००५ च्या खुणेच्या पावणेदोन फूट वर आलं. त्यासाठी जुनी पायरी शेवटपर्यंत तोडली नव्हती. जोते तपासणी झाली, मापं मंजूर नकाशाप्रमाणे.

बँकेचा पहिला हप्ता यावर अडला होता. त्यांचा मूल्यमापक सोमवारी येतो. त्याला मंजूर नकाशाची प्रत, प्रारंभ प्रमाणपत्र आणि जोते प्रमाणपत्र लागेल. तिन्ही दादांकडे दिली आहेत. दोन्ही आत्यांची सही बँकेलाही हवी असेल, तर जानेवारीत पुन्हा करंजा.